चौसष्टावा हात

अमेरिकेहून आलेल्या माणसाला आमच्या पुण्यात "काय पाहिलंत?" असं सहसा कुणी विचारत नाही. "परत कशाला आलात?" असं विचारतात, आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच्या मुलाच्या तिकडच्या बंगल्याचे फोटो दाखवायला लागतात. ज्या दोघा-चौघांनी थांबून विचारलं, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मी नायगारा पाहिला नाही. हातात मशाल घेतलेली ती बाईही पाहिली नाही. मी एका खेड्यातली सभा पाहिली. त्या सभेत मी जे करून बसलो ते सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

आधी माझा पेशा सांगतो. एका निमसरकारी मंडळाच्या सभा-शाखेत मी तेहतीस वर्षं इतिवृत्तं लिहिली. मंडळाचं नाव सांगत नाही, पेन्शन अजून तिथूनच येते. इतिवृत्त म्हणजे सभेत काय घडलं त्याची नोंद. ती सभा झाल्यावर लिहितात, असा बाहेरच्या लोकांचा भाबडा समज असतो. आमच्याकडे ती आदल्या दिवशी टाइप होऊन साहेबांच्या टेबलावर असायची, आणि सभा तिच्या बरहुकूम पार पडायची. "सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर" हे मी झोपेतही लिहू शकतो. एखादा नवा सभासद खरोखरच चर्चा करायला लागला, तर त्याच्यापुढे वेळेवर चहा-बिस्किटं जातील हे पाहायची जबाबदारीही माझीच. अशा माणसाला लोकशाहीबद्दल संशय नसेल तर आणखी कुणाला असायचा?

पुणे

सुजाता ही माझी एकुलती एक मुलगी. हिंजवडीत सहा वर्षं सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होती, लग्न झाल्यावर अमेरिकेला गेली. तिकडे ईशान्येच्या कोपऱ्यात न्यू इंग्लंड म्हणतात त्या डोंगराळ भागातल्या एका छोट्या गावात ती, जावई आणि सात वर्षांची नात रेवा असे राहतात. मागच्या वर्षी तिने तिथलं नागरिकत्व घेतलं. शपथविधीचा फोटो तिने पाठवला तेव्हा मी "अभिनंदन" असं उत्तर दिलं आणि दिवसभर कुणाशी धड बोललो नाही.

जानेवारीत तिचा फोन आला. "बाबा, मार्चमध्ये याच. आमच्या गावाची सभा आहे. अमेरिका देश झाला त्याच्या आधीपासून भरतेय. अख्खं गाव एका खोलीत बसतं, आणि रस्ते, कर, शाळा, सगळं हात वर करून स्वतः ठरवतं. मध्ये कुणी आमदार नाही, नगरसेवक नाही. या वर्षी मी पहिल्यांदा मत देणार आहे."

"इतिवृत्त आधी लिहून ठेवतात का, ते विचारून ठेव," मी म्हणालो.

ती हसली नाही. या वर्षी सभेपुढे रेवाच्या शाळेचा विषय होता. गावाची शाळा चालू ठेवायची की बंद करून मुलांना बसने पन्नास मिनिटांवरच्या गावी पाठवायचं, हे त्या दिवशी ठरणार होतं. सुजाता शाळा वाचवणाऱ्यांच्या गटात होती. सहा महिने ती घरोघर फिरत होती. इथे असताना आमच्या इमारतीच्या गणपतीची वर्गणी मागायला चार जिने चढली नसती ती.

बायकोच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, त्यामुळे मी एकटाच निघालो. तिच्या यादीतलं सामान घ्यायला मंडईत गेलो, तर तिथे ऑफिसातले जुने सहकारी कुलकर्णी भेटले. मेथीच्या जुडीची मान मोडून ती कोवळी आहे का ते बघत होते.

"लोकशाही बघायला तिकीट काढून चाललात?" ते म्हणाले. "इथे फुकट होती तेव्हा कुठे होता आपण?"

"सभा-शाखेत," मी म्हणालो.

सुजाताची एक पेटी हिंजवडीत तिच्या जुन्या घरमालकांकडे पडून होती. तीही घेऊन आलो. या गृहस्थांच्या शेतावर आता काचेच्या इमारती उभ्या आहेत, आणि ते वर तीन मजले बांधून मुलामुलींना खोल्या भाड्याने देतात. गावाचा विषय डोक्यात होता म्हणून सहज विचारलं, "इथे ग्रामसभा भरते का हो?"

"भरती की," ते म्हणाले. "ग्रामपंचायत हाय ना. पन येतंय कोन? ह्या पोरांना वाटतं हितं निस्ती कंपनीच हाय. तुमची पोरगी सा वर्सं ऱ्हायली, तिला तरी ठावं होतं का?"

तिला ठाऊक नव्हतं. मी नंतर विचारलं.

गावात

विमानांचं आणि विमानतळांचं वर्णन करत नाही, ते सगळ्यांच्या मुलांनी करून झालेलं आहे. गावात पोचलो तेव्हा बर्फ वितळायला लागला होता आणि खाली गुडघाभर चिखल होता. एक दुकान, एक पोस्ट, एक चर्च, एक शाळा आणि पांढऱ्या फळ्यांचं सभागृह, एवढं गाव. तेवढ्यातली निम्मी घरं बंद. मला वाटलं साथबिथ आली की काय. सुजाता म्हणाली, ही मोठ्या शहरांतल्या श्रीमंतांची सुट्टीची घरं, उन्हाळ्यात तीन आठवडे उघडतात.

म्हणजे असं की, त्या लोकांनी घरं घेऊन किमती वाढवल्या. किमती वाढल्या म्हणून तरुण जोडप्यांना तिथे घर परवडेना. जोडपी नाहीत म्हणून मुलं नाहीत, आणि मुलं नाहीत म्हणून शाळा बंद करायची. बंद घरांचे मालक कर भरतात पण मतदार नाहीत. मतदार आहेत ते बहुतेक म्हातारे, त्यांना वाढीव कर झेपत नाही. गावाने खुशाल हात वर करावेत, पण खरा निर्णय कुठल्या तरी बँकेत आधीच होऊन गेला आहे, असं मला पहिल्याच दिवशी वाटलं. सुजाताला तसं बोलून दाखवलं, तर ती म्हणाली, "बाबा, आत्ताच आलात. आधी जेवा."

शेजारी वॉल्टर नावाचे एक सत्तरीतले गृहस्थ राहतात. पूर्वी गाई होत्या, आता विकल्या. उंच, हाडकुळे, आणि बोलायला आमच्या कसबा पेठेतल्या दुकानदारांपेक्षा जरा कमीच. त्यांच्या अंगणात देशाच्या राजकारणातल्या एका पक्षाची पाटी, सुजाताच्या अंगणात दुसऱ्या पक्षाची. दोन पाट्या एकमेकींकडे तोंड करून उभ्या. शाळेच्या बाबतीतही ते विरुद्ध बाजूला. आणि तरी रात्री पुन्हा बर्फ पडला की सकाळी सहा वाजता हा माणूस ट्रॅक्टर घेऊन येई आणि सुजाताच्या दारातला बर्फ काढून जाई. पैसे घेत नसे, घरात येत नसे.

"त्यांना काय हवंय?" मी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही असं नसतं."

"तुमच्या ऑफिसात नसेल," सुजाता म्हणाली.

शनिवारी तिने मला साखरघरात नेलं. तिकडे मॅपलच्या झाडाला भोक पाडून पाणी गोळा करतात आणि ते आटवून पाक करतात. आपल्या गुऱ्हाळासारखाच धूर, तशीच ऊब. गरम पाक ताटलीतल्या बर्फावर ओततात, तो चिकट होऊन आळतो आणि काट्याला गुंडाळून खातात. जोडीला खारवलेली आंबट काकडी. गोड खाऊन कंटाळा आला की काकडी चावायची आणि पुन्हा गोड खायचं. मी काकवी खाऊन वाढलेला माणूस, मला फार आवडलं. काकडीचं लोणचं मात्र रेवाच्या ताटलीत सरकवलं.

सोमवारी सभागृहात खुर्च्या लावायला सुजाताबरोबर गेलो. तिथे काचेच्या पेटीत गावाची पहिली वही ठेवलेली आहे, आणि तिची छापील प्रत शेजारी वाचायला. माझा पेशाच तो, मी बसलोच वाचत. पहिल्या सभेला कोण होतं? जमीनदार पुरुष. बायका नाहीत, नोकर नाहीत, काळे नाहीत, आणि ज्यांच्या जमिनीवर गाव वसलं ते मूळ लोक तर नाहीतच. पुढच्या पानांवर निराळीच मौज. गावात कुणी गरीब माणूस नव्याने राहायला आला की त्याच्या घरी शिपाई पाठवून "गाव सोडून जा" अशी ताकीद द्यायची, कारण उद्या तो आजारी पडला तर गावाला पोसावा लागेल. आणि जे जुने गरीब होते त्यांचा लिलाव. जो सगळ्यात कमी पैशांत सांभाळायला तयार होईल त्याच्या हवाली माणूस करायचा. सगळं हात वर करून, बहुमताने.

माझे आजोबा साताऱ्याकडचे. त्यांच्या गावातही सभा भरत असे, आणि त्यांची जागा पारापासून वीस पावलं लांब, उन्हात. छप्पन साली त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि पुण्यात मंगळवार पेठेत बिऱ्हाड केलं. पंचांनी सगळं एकमताने केलं असं ते म्हणत, आणि 'एकमताने' या शब्दावर थुंकत. मी सुजाताला बोलावलं आणि बोट ठेवून दाखवलं. "ही तुमची जुनी लोकशाही. यात तू कुठे बसली असतीस?"

तिने वाचलं. मग म्हणाली, "बसूच दिलं नसतं. उद्या बसणार आहे."

मंगळवार

सभा सकाळी नऊला. दाराशी मतदारयादी घेऊन दोन बायका. नाव सांगितलं की यादीत खूण करून हातात एक गुलाबी कार्ड देतात. मत द्यायचं म्हणजे ते कार्ड वर करायचं. ज्यांना मत नाही त्यांनी भिंतीलगतच्या बाकावर बसायचं. मीही तिकडेच निघालो होतो, पण सुजाताने अध्यक्षबाईंना विचारलं की माझे वडील भारतातून आलेत, त्यांना शेजारी बसवून समजावून सांगितलं तर चालेल का. अध्यक्षबाई म्हणजे निवृत्त परिचारिका, हातात लाकडी हातोडा. त्यांनी सगळ्या सभेला विचारलं, "कुणाची हरकत?" कुणाचीच नव्हती. सव्वाशे-दीडशे डोकी माझ्याकडे वळली, थोड्या टाळ्या झाल्या. मी नमस्कार केला आणि मनात म्हटलं, पाहुण्याला पुढे बसवतात तेव्हा मागे काहीतरी शिजत असतं.

दोन तास मी नुसता चोर शोधत होतो. कोण कुणाला खुणावतंय, कोणाच्या आधी कोण बोलतंय, कागद कुठून कुठे जातोय. रस्त्यावरच्या चिखलावर पाऊण तास चर्चा झाली. अग्निशामक गाडीच्या टायरवर वीस मिनिटं. एका माणसाने गावाचा कारभार पाहणाऱ्या मंडळाच्या प्रमुखाला तोंडावर सांगितलं की तुझा हिशोब मला पटत नाही. प्रमुखाने वही उघडली, आकडा पाहिला आणि म्हणाला, "बरोबर आहे तुझं. चुकलंय." मी तेहतीस वर्षांत हे वाक्य कुठल्या सभेत ऐकलं नव्हतं. तरी वाटलं, हाही ठरवून केलेला देखावा असेल.

मग शाळेचा विषय आला. ठराव असा की शाळा आणखी तीन वर्षं चालू ठेवावी आणि त्यासाठी घरपट्टीत होणारी वाढ मान्य करावी. सुजाता बोलली. लहान मुलांनी रोज शंभर मिनिटं बसमध्ये काढायची का, एवढंच विचारलं. वॉल्टर उठले. "माझी चारही मुलं त्या शाळेत शिकली," ते म्हणाले. "पण आता कर वाढला तर मला जमीन विकावी लागेल. घेणारा बोस्टनचा असेल. म्हणजे आणखी एक बंद घर." आणि बसले. दोघांचंही खरं होतं, आणि ज्यांच्यामुळे हे दोघं समोरासमोर आले ते सभागृहात नव्हतेच.

चर्चा लांबली. साडेअकराला स्वयंपाकघरातून कुणीतरी सुजाताला हाक मारली. दुपारचं जेवण शाळेतले पालक करतात, सगळ्या गावासाठी, आणि वाढायची व्यवस्था तिच्याकडे होती. तिने पर्स आणि गुलाबी कार्ड माझ्या मांडीवर ठेवलं. "बाबा, हे जरा धरा. अजून सहा जणांना बोलायचंय, आलेच मी."

ती गेली आणि मागून कुणी तरी म्हणालं की चर्चा पुरे, मत घ्या. त्याला अनुमोदन मिळालं. अध्यक्षबाईंनी हातोडा आपटला. "ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी कार्डं वर करा."

आता मी जे केलं ते इथल्या लोकांना वेगळं समजावून सांगायला नको. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेचं रजिस्टर दुसऱ्या दिवशी घरोघर फिरतं. नवरा बायकोची सही करतो, मुलगा बापाची, आणि वरच्या मजल्यावरचे परगावी असले तर त्यांची मी. कुणाला त्यात वावगं वाटत नाही, उलट शेजारधर्म म्हणतात. ऑफिसात गणसंख्या भरत नसली की मी कितीदा तरी गैरहजरांना हजर केलं आहे. पोरगी आत भाजी ढवळतेय, तिने सहा महिने चपला झिजवल्या, तिचं मत वाया जाऊ नये, एवढंच मनात आलं. विचार असा केलाच नाही. कार्ड वर केलं.

दोघांनी रांगेरांगेतून फिरून मोजलं. बाजूने चौसष्ट, विरुद्ध त्रेसष्ट. ठराव मंजूर.

टाळ्या, शिट्ट्या. एक बाई रडायलाच लागली. आवाज ऐकून सुजाता एप्रनसकट धावत आली. "झालं? किती?" मी म्हणालो, "एका मताने." तिने दोन्ही हात तोंडावर घेतले. मी अगदी कौतुकाने तिच्या कानात सांगितलं, "तुझं मी टाकलं."

तिला आधी समजलंच नाही. मग तिने माझ्या हातातल्या कार्डाकडे पाहिलं. तिचा चेहरा असा मी तिच्या दहावीच्या निकालालाही पाहिला नव्हता.

"बाबा, मी खोलीत नव्हते."

"मग काय झालं? तुझंच मत होतं ना?"

ती उभीच. मी तिचा एप्रन धरून खाली ओढला. "बस खाली. कोणी पाहिलं नाही."

तिने माझा हात सोडवला आणि माइककडे गेली. तिथे जाईपर्यंत टाळ्या चालूच होत्या. "अध्यक्षबाई, मतदान झालं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते," ती म्हणाली. "माझं कार्ड माझ्या वडिलांनी वर केलं. ते इथले मतदार नाहीत."

टाळ्या थांबल्या. अध्यक्षबाईंनी नियमांचं पुस्तक उघडलं, शेजारी बसलेल्या नोंद लिहिणाऱ्या बाईंशी बोलल्या. कुणीतरी म्हणालं, पुन्हा मत घ्या. पण चर्चा बंद झाली होती, आपलं कार्ड मोजून झाल्यावर बरेच जण कामावर निघून गेले होते. बाई म्हणाल्या, आत्ता असलेल्यांचं मत घेतलं तर गेलेल्यांवर अन्याय. चौसष्टातून एक वजा. त्रेसष्ट विरुद्ध त्रेसष्ट. समसमान झालं तर ठराव पडतो. हातोडा आपटला.

सकाळपासून मी त्या सभागृहात ज्या बोगस मतदाराला शोधत होतो, तो मीच निघालो.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. जेवणाच्या रांगेत मला ताट मिळालं, त्यात उकडलेल्या घेवड्याची गोडसर उसळ, मक्याची पोळी आणि सुजाताने केलेली मटकी. मघाशी रडणाऱ्या बाईनेच वाढलं. माझ्याकडे न बघता वाढलं. मी ताट तसंच बाकावर ठेवलं.

मी नोंद लिहिणाऱ्या बाईंकडे गेलो, एका पेशातले म्हणून. त्या जेवता जेवता सभेचं लिहून काढत होत्या. शाळेच्या विषयाखाली त्यांनी लिहिलं होतं की एक कार्ड ते ज्यांचं आहे त्या मतदार गैरहजर असताना एका पाहुण्याने वर केलं, हे त्या मतदाराने स्वतः सभेला सांगितलं. मी म्हणालो, "मॅडम, एवढं सविस्तर कशाला? 'तांत्रिक कारणास्तव फेरमोजणी' असं लिहिता येईल."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तांत्रिक? कुठलं यंत्र बिघडलं होतं?" त्यांनी खरंच विचारलं, टोमणा नव्हता. मग वही माझ्याकडे फिरवली. "वाचा. घडलं तसं आहे ना?"

मी वाचलं. घडलं तसंच होतं.

बुधवार, गुरुवार

बुधवारी सकाळी रेवा शाळेला गेल्यावर सुजाता भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून बोलली.

"शाळा गेली त्याचं रडू मला येतंयच. पण तुम्ही मला 'कोणी पाहिलं नाही' म्हणालात. तुम्ही, बाबा. आपल्या घरात भिंतीवर देवाऐवजी घटनेची उद्देशिका होती. वाचायला शिकले ते तिच्यावर. इथे शपथ घेताना माझ्या डोक्यात तीच होती, ह्यांची नव्हे. आणि तुम्ही माझा एप्रन ओढत होतात."

ऑफिसातलं ऑफिसात ठेवतो, घरी आणत नाही, असं मी बायकोला नेहमी अभिमानाने सांगत आलो. ते किती खोटं होतं हे अमेरिकेतल्या एका स्वयंपाकघरात उभं राहून मला कळलं. मी म्हणालो, "चुकलो." सभेत तो मंडळाचा प्रमुख किती सहज म्हणाला होता. मला फार जड गेलं, आणि उशीरही झाला होता. तिने मान हलवली आणि भांडी घासत राहिली.

गुरुवारी दारावर टकटक झाली. वॉल्टर, हातात एक कागद. पहिल्यांदाच घरात आले, तेही पायपुसण्यावरच उभे. ठरावीक संख्येइतक्या मतदारांनी सह्या केल्या तर झालेलं मतदान पुन्हा घेता येतं, असा तिकडे नियम आहे. त्यांनी तो अर्ज आणला होता आणि त्यावर पहिली सही त्यांचीच होती.

मला राहवलं नाही. "पण तुम्ही तर जिंकलात. यात तुमचा काय फायदा?"

"जिंकलो का ते मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "मी पुन्हा विरुद्धच मत देणार."

"मग?"

"एकाच रस्त्यावर राहतो आम्ही. बर्फ काढायला मलाच यायचंय."

मी अर्जावरची त्यांची सही पाहिली. मग विचारलं, "मी कार्ड वर केलं ते तुम्ही पाहिलं होतं? तुम्ही मागच्याच रांगेत होता."

"पाहिलं होतं."

"आणि गप्प बसलात?"

"उठतच होतो," वॉल्टर म्हणाले. "तिने माझे श्रम वाचवले." आणि सुजाताकडे अर्ज देऊन चिखल तुडवत निघून गेले. त्यांना काय हवं होतं ते मला अजूनही नीट उलगडलेलं नाही. उगाच चांगलं म्हणून टाकायला माझा स्वभाव आडवा येतो.

परत पुणे

पुन्हा मतदान व्हायच्या आत माझं परतीचं तिकीट होतं. निघताना सुजाताने मिठी मारली, पण बोलली फक्त औषधांच्या वेळांबद्दल. इथे आल्यावर कुलकर्णींनी विचारलं, काय पाहिलं? मी म्हणालो, सभा पाहिली. ते म्हणाले, मॅनेज केलेली असते हो तीही. एरवी मी हो म्हटलं असतं. त्या दिवशी म्हणालो, "हो, एकाने प्रयत्न केला होता."

एप्रिलात एका सकाळी साडेसातला फोन आला. तिकडे आदल्या रात्रीचे दहा. मी गॅलरीत पेपर वाचत होतो, बायको आत पोह्यांना फोडणी देत होती.

"झालं मतदान," सुजाता म्हणाली. "शाळा गेली, बाबा. नऊ मतांनी."

नऊ म्हटल्याबरोबर माझ्यातला जुना माणूस जागा झाला. "नऊ? मागच्या वेळी बरोबरी आणि आता एकदम नऊ? मोजलं कुणी? तुम्ही पाहिलं का नीट?"

"मोजायला दोघं असतात. सभाच निवडते. एक त्यांच्या बाजूचा, एक आमच्या."

"त्यांचं कोण होतं?"

"दुकानवाला. आमच्या बाजूने कोण, ते वॉल्टरने सुचवलं. सगळ्यांनी हात वर केले. त्यांच्या बाजूच्यांनीही."

"कुणाचं नाव सुचवलं?"

"माझं."

मी पेपर खाली ठेवला. रांगेरांगेतून फिरत, रेवाच्या शाळेविरुद्ध वर झालेलं एकेक कार्ड बोटाने मोजत जाणारी माझी पोरगी मला दिसली. काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून मी म्हणालो, "दोनदा तरी मोजलंस ना?"

"तीनदा मोजलं," ती म्हणाली, आणि मग इतके दिवस माझ्यापासून आवरून ठेवलेलं तिचं रडू फुटलं. मला इतक्या लांबून काही करता येण्यासारखं नव्हतं. ती थांबेपर्यंत मी फोन कानाशी धरून बसलो.